जिथे घडलं, तिथेच नाटक

सायंतारा (धागाकर्ती)

घरातून कॉनली स्टेशनकडे चालत निघाले की वाटेत शॉन मॅकडरमॉट स्ट्रीट लागतो. तिथे लाल विटांची एक लांबलचक इमारत आहे, बंद. डब्लिनमध्ये येऊन मला सहा वर्षं झाली. त्यातली पहिली दोन वर्षं मी तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. एखादी जुनी शाळा असेल, असं धरून चालले होते.

ती मॅग्डलेन लाँड्री होती. आयर्लंडमधली शेवटची. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली. म्हणजे मी पुण्यात तिसरीत पाढे पाठ करत होते, तेव्हा इथे आत बायका राहत होत्या. बहुतेक जणी म्हाताऱ्या झालेल्या, बाहेर जायला कुठे घर न उरलेल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ननांनी चालवलेली ही धुलाई केंद्रं. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना इथे टाकायचे असं सगळे म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. अनाथ मुली होत्या, घरातच अत्याचार झालेल्या होत्या, औद्योगिक शाळांमधून, म्हणजे निराधार मुलांच्या निवासी संस्थांमधून, थेट इकडे पाठवलेल्या होत्या, आणि नुसतीच 'वाया जाईल' म्हणून घरच्यांनी आणून सोडलेल्याही होत्या. आत गेल्यावर नाव बदललं जायचं. दिवसभर कपडे धुवायचे, इस्त्री करायची, पगार नाही. हॉटेलांचे, इस्पितळांचे, सरकारी खात्यांचेसुद्धा कपडे इथे यायचे. २०१३ च्या सरकारी अहवालाने १९२२ पासूनच्या दहा संस्थांचा हिशेब मांडला, तेव्हा दहा हजारांच्या आसपास बायका निघाल्या. त्यातल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक जणींना पाठवण्यात सरकारी यंत्रणेचा हात होता.

धागा काढण्याचं कारण मात्र एक नाटक आहे. २०११ च्या डब्लिन थिएटर फेस्टिव्हलमध्ये 'अनू' या संस्थेने याच इमारतीत 'लाँड्री' नावाचा प्रयोग केला. दिग्दर्शिका लुईज लो. एका वेळी फक्त तीन प्रेक्षक.

मी तेव्हा इथे नव्हते. पण माझ्या वॉर्डमधल्या एका ज्येष्ठ आयरिश सहकारी बाईंनी तो पाहिला होता. त्यांनी सांगितलं ते तसंच लिहिते.

तिघं दारातून आत गेले आणि लगेच वेगळे झाले. कार्बोलिक साबणाचा वास इतका, की घशात बसला. मग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. प्रत्येक खोलीत एक बाई, आणि समोर तुम्ही एकटे. खुर्च्या नाहीत, अंधार नाही, टाळ्या नाहीत. एक जण आंघोळीच्या टबापाशी. एक जण हळूच म्हणाली, मला इथून बाहेर काढ. कुणी नावं सांगितली आणि लक्षात ठेव म्हटलं. पुढे बाहेर टॅक्सी उभी, तिच्यात बसवून त्याच वस्तीतून फिरवलं, आणि शेवटी जवळच्या चालू धुलाईच्या दुकानात नेऊन हातात कपडे दिले.

बाई म्हणाल्या, "ती मला बाहेर काढ म्हणाली तेव्हा मी एक क्षण थांबले. मी नाटकात आहे की नाही, हे मला ठरवता येईना. त्या एका क्षणाची मला आजही लाज वाटते." मग त्यांनी मला दोन नावं सांगितली. इतक्या वर्षांनी. आम्ही चहा पीत होतो.

तेव्हापासून मी त्या इमारतीवरून जाताना पायांचा वेग बदलतो. आपल्याकडे असं नाटक कुणी पाहिलंय का? केलंय का? आणि मुळात हे करावं का, याबद्दल तुम्हाला काय वाटतं?

मोरपंखी

अंगावर काटा आला. २०११ म्हणजे सरकारने मागितलेल्या माफीच्या आधी की नंतर?

सायंतारा

आधी. त्याच वर्षी जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने आयर्लंडला चौकशी करा म्हणून सुनावलं, जुलैमध्ये सरकारने समिती नेमली आणि शरदात हे नाटक झालं. पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत माफी मागितली १९ फेब्रुवारी २०१३ ला. म्हणजे नाटकाच्या वेळी तीन-तीन माणसं आत जात होती, तेव्हा सरकारने अजून काहीच कबूल केलेलं नव्हतं. नाटकामुळे माफी मिळाली असं मी म्हणणार नाही. ते श्रेय आतून जगून बाहेर आलेल्या बायकांचं आणि वर्षानुवर्षं कागद गोळा करणाऱ्यांचं.

आणखी एक सांगायचं राहिलं. १९९३ मध्ये याच शहरातल्या हाय पार्क इथल्या ननांनी जमीन बांधकामासाठी विकली. तिथे लाँड्रीतल्या बायकांच्या कबरी होत्या. १३३ प्रेतं उकरायची परवानगी घेतली होती, खोदल्यावर आणखी २२ निघाली. एकशे पंचावन्न. कित्येकींच्या मृत्यूची नोंदच नव्हती. 'नावं लक्षात ठेव' हे त्या प्रयोगात का होतं, ते मला हा आकडा वाचल्यावर कळलं.

वाटसरू

सायंताराताई, लेखन पोचलं. तरी माझी शंका मांडतो, राग मानू नका. ज्या खोलीत कुणीतरी वीस वर्षं रडली, त्या खोलीत तिकीट काढून जायचं, गलबलून यायचं आणि घरी जाऊन जेवायचं. धारावीत पर्यटकांना फिरवतात, त्यात आणि यात फरक काय? रंगमंचावर किमान एक अंतर असतं. ते अंतर प्रेक्षकाच्या सोयीसाठी असतं असं आपण समजतो, पण ते ज्यांच्यावर बेतलं त्यांची आब राखण्यासाठीही असतं. आपल्याच वेदनेच्या जागी परके लोक तिघा-तिघांनी हिंडताहेत हे त्या म्हाताऱ्या बायकांना कसं वाटलं असेल?

सायंतारा

वाटसरूदादा, राग कसला, हाच प्रश्न मला छळतो. पूर्ण उत्तर नाही, पण दोन गोष्टी सांगते.

लुईज लो यांच्या घराण्याची मुळं याच भागात आहेत. आणि 'लाँड्री' हे एकटं नाटक नव्हतं. मॉन्टो नावाच्या या पाव मैलाच्या वस्तीवर त्यांनी चार नाटकं केली. एकेकाळी युरोपातल्या सगळ्यात मोठ्या वेश्यावस्त्यांपैकी ही एक. १९२५ च्या मार्चमध्ये पोलिसांनी छापा घालून ती बंद केली. पहिलं नाटक २०१० मध्ये त्या काळावर, दुसरं लाँड्री, तिसरं २०१२ मध्ये हेरॉइनने पोखरलेल्या पिढीवर, आणि चौथं २०१४ मध्ये आजच्या, परदेशातून आणलेल्या मुलींच्या देहव्यापारावर. म्हणजे एका रस्त्याला शंभर वर्षं पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारला. पर्यटक एकदा येतो. ही माणसं पाच वर्षं तिथेच होती.

दुसरं म्हणजे अंतर. तुमचं म्हणणं पटतं, पण इथे अंतर आधीच फार होतं. ही इमारत गावाबाहेर नाही, भर वस्तीत आहे. चहूबाजूंनी घरं. लोक तिच्या भिंतीला लागून रोज जात होते. माझ्यासारखेच. नाटकाने ती भिंत ओलांडायला लावली.

गिरणीचा_भोंगा

या प्रकाराला नवीन म्हणू नये एवढंच सांगायला लॉगिन केलं. सत्यशोधकी जलसे आणि नंतर आंबेडकरी जलसे वस्तीतच व्हायचे. ज्या चावडीत महाराला उभं करत नव्हते, तिच्याच समोरच्या मोकळ्या जागेत त्या प्रश्नाचं वगनाट्य. भीमराव कर्डकांचं काम शोधून वाचा. माझे आजोबा लालबागच्या चाळीत गॅलरीतून जलसा बघायचे, आणि त्यात चाळीतल्याच नळाचं भांडण असायचं. जागा आणि नाटक हे वेगळं असतं, हे आपल्याला थिएटरच्या इमारतींनी शिकवलं.

१९८२ च्या संपाबद्दल गिरणगावावर पुष्कळ लिहिलं गेलं, रंगमंचावरही आलं. पण बंद पडलेल्या गिरणीच्या खात्यात, साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, जागी उभं राहून तो संप पाहिला असता, तर मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर चढताना लोकांच्या पोटात काहीतरी हललं असतं. आता ती जागाच उरली नाही.

नेपथ्य

भोंगादादांच्या मुद्द्यात एक भर. जलशाचा प्रेक्षक त्याच वस्तीतला. तो स्वतःचीच गोष्ट बघतो आणि उठून उभा राहतो. 'लाँड्री'चा प्रेक्षक बहुतेक बाहेरचा. म्हणून वाटसरूंची शंका 'लाँड्री'ला लागू होते, जलशाला होत नाही. दोन्ही जागेवरचं नाटक आहे, पण त्यांचं काम वेगळं आहे.

ब्राझीलच्या साओ पावलो शहरात 'तेआत्रो दा व्हर्तिजेम' नावाचा गट आहे, दिग्दर्शक आंतोनिओ आरौजो. १९९५ मध्ये त्यांनी बायबलमधल्या जोबची कथा एका बंद पडलेल्या इस्पितळात केली. एड्सने माणसं मरत होती ते दिवस. प्रेक्षक जोबच्या मागे मजले चढत जायचे. मग २००० मध्ये एका वापरातून गेलेल्या तुरुंगात नाटक केलं, त्यामागे १९९२ चं कारांदिरू तुरुंगातलं हत्याकांड होतं, १११ कैदी मेले होते. नाटकाच्या नावातच १,११ हा आकडा आहे. दोन्ही वेळा जागा नसती तर संहिता बरीचशी उपदेशासारखी झाली असती असं मला वाटतं.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण सायंताराताईंनी 'केलंय का' असं विचारलंय.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या गटाने एका जुन्या वाड्यात प्रयोग केला. विषय केशवपन. वाडा रिकामा होता, मालकांनी जागा दिली. पत्रं, आठवणी वाचून संहिता बांधली. आम्ही एका वेळी चाळीस लोक आत घेतले, कारण खर्च निघायला हवा होता. तिथेच सगळं बिघडलं. चाळीस माणसं माजघरात शिरली की माजघर उरत नाही, सभागृह होतं. लोक तुळया बघायला लागले. कोनाड्याचे फोटो काढायला लागले. प्रयोग संपल्यावर जो तो म्हणत होता, वाडा काय सुंदर आहे हो! न्हाव्याच्या पुढ्यात बसलेल्या आमच्या नटीबद्दल कुणी बोलेना. जागा बोलायच्या ऐवजी नुसती दिसत राहिली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून एक आजीबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या मागच्या खोलीत माझी आत्या होती. तेराव्या वर्षी आली ती शेवटपर्यंत. तुम्ही पुस्तकं वाचलीत, मला का नाही विचारलंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही मालकाला विचारलं होतं, वाड्याला विचारलं नव्हतं. उरलेले प्रयोग आम्ही रद्द केले. पुढची तालीम त्या आजींच्या ओटीवर करायची असं ठरवलं आणि ते राहून गेलं. आजी आता नाहीत.

मोरपंखी

नेपथ्य, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. तीनच प्रेक्षक का, हे आता समजलं.

चंद्रभागा

मी पंढरपूरची. सायंताराताई, तुमचा धागा वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितेय.

प्रश्न तोच, आपल्याकडेही होता. विधवेला दिवस गेले तर विहीर नाहीतर मुलाचा गळा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. कुठे? स्वतःच्या राहत्या घरात, गंज पेठेत. गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा, तुमच्या खुशीवर, अशा जाहिराती भिंतीवर लावल्या. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. आमच्या पंढरपुरात त्यानंतर एका वर्षाने, १८७५ मध्ये, लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने तसंच गृह निघालं. आज त्याचं नाव नवरंगे बालकाश्रम. वारीला आलेल्या किती जणांना ते कुठे आहे हे माहीत असतं?

डब्लिनला दार आतून उघडत नव्हतं. गंज पेठेत ते रात्रीही उघडं होतं. हे मी आपली पाठ थोपटायला म्हणत नाही, कारण त्या बायकांना तिथवर अंधारात तोंड झाकून यावं लागलं ते आपल्याच घरांमुळे. मला एवढंच वाटतं, की दुःखाच्या जागेवर नाटक होतं तसं आधाराच्या जागेवरही व्हायला हवं. एका वेळी एक प्रेक्षक. तो बाहेरून येईल, दार वाजवेल, आणि आतून कुणीतरी विचारेल, 'किती महिने झाले, बाई?' बस. त्याने काय उत्तर द्यायचं ते त्याचं त्याने ठरवावं.

नेपथ्य

चंद्रभागाताई, हे वाचून मी थोडा वेळ नुसता बसून होतो. बाहेरच्याने दार वाजवायचं, ही कल्पना फार मोठी आहे. 'लाँड्री'त प्रेक्षक सोडवणारा होता, इथे तो आसरा मागणारा होतो.

व्यवहाराचं मात्र बोलायला हवं. महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. अशा नाटकात अर्धी संहिता प्रेक्षकाच्या उत्तरावर हलते, ती कागदावर कशी द्यायची हे आधी सोडवावं लागेल. शिवाय नटांचा विचार करा. एकच दहा मिनिटांचा प्रवेश, समोर नवा माणूस, दिवसभर पुन्हा पुन्हा. कुणी हसेल, कुणी रडेल, कुणी अंगावर हात टाकेल. प्रत्येक नटाला खोलीबाहेर हाकेच्या अंतरावर माणूस हवा, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये गप्प बसायला जागा हवी. पैसे तिकिटातून कधीच निघणार नाहीत, हे पहिल्या दिवशी मान्य करायचं. आम्ही तेच केलं नाही आणि चाळीस माणसं आत घेतली.

वाटसरू

आधीच्या शंकेवर मी अजून आहे, पण थोडा सरकलो. नेपथ्य यांच्या आजीबाईंनी माझा प्रश्न माझ्यापेक्षा नेमका विचारला. ज्यांची जागा त्यांनी बोलावलं तर जावं. नाहीतर दारात थांबावं.

सेटलमेंटवाला

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी सोलापूरचा, कंजारभाट समाजातला. आमच्या भागाला आजही लोक सेटलमेंट म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेच नाव सांगावं लागतं. इंग्रजांनी १८७१ च्या, पुढे इकडेही लागू केलेल्या कायद्याने आमच्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि इथे तारेच्या कुंपणात आणून ठेवलं. कैकाडी, पारधी, टकारी, आम्ही. गिरणीत कामाला जायचं आणि हजेरीला परत यायचं. मुंबई प्रांतात तो कायदा १९४९ ला गेला, देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला. तारा निघाल्या, नाव राहिलं.

जागेवरच्या नाटकाबद्दल बोलताय तर अहमदाबादच्या छारानगरचं बुधन थिएटर सांगायलाच हवं. छारा आणि आम्ही एकाच गोतावळ्यातले, बोली ऐकली तर घरची वाटते. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन सबर हा सबर जमातीतला तरुण पोलीस कोठडीत मेला. आत्महत्या म्हणून दाखवलं. लेखिका महाश्वेतादेवी आणि सबरांची संघटना कोर्टात गेली, उच्च न्यायालयाने सीबीआय चौकशी लावली. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी गट बांधला. आणि छारानगरच्या पोरांनी ती घटना स्वतःच्या गल्लीत उभी केली. दक्षिण बजरंगे त्यांचे दिग्दर्शक. त्यांचं पुढचं एक नाटक आपल्या बारामतीकडच्या पिन्या हरी काळे या पारध्याच्या कोठडीतल्या मृत्यूवर होतं.

तिथे नट कोण? ज्यांच्या बापांना पोलिसांनी मारलंय तीच पोरं. पोलिसाचं काम करणाऱ्या पोराला काठी कशी धरायची ते शिकवावं लागत नाही. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघतात. तिथे वाटसरूदादांचा प्रश्न येत नाही, कारण बोलावणारे तेच, करणारे तेच, बघणारेही तेच. बाहेरचा आला तर तो पाहुणा.

आमच्या सेटलमेंटमध्ये असं कुणी केलेलं मी तरी पाहिलं नाही. विमुक्त दिनाला भाषणं होतात, सत्कार होतात. धागा वाचल्यापासून डोक्यात एकच घोळतंय. हजेरी. त्या मैदानात, त्याच वेळेला.

सायंतारा

सेटलमेंटवालादादा, चुकलं काहीच नाही. उलट या धाग्याला तुमची वाट बघायची होती असं वाटतंय.

इथलं एक कळवते. २०१८ मध्ये डब्लिन महापालिका ही लाँड्रीची जागा एका हॉटेल कंपनीला विकायला निघाली होती. नगरसेवकांनी मतदान करून ते थांबवलं. त्याच वर्षी जूनमध्ये दोनशेहून अधिक मॅग्डलेन बायका शहरात एकत्र आल्या होत्या, रस्त्यावर लोक त्यांच्या स्वागताला उभे होते. २०२२ मध्ये सरकारने या जागी राष्ट्रीय स्मृती आणि संशोधन केंद्र करायचं मंजूर केलं. जागा वाचली. आत काय मांडायचं आणि कुणी, यावर त्या बायकांमध्येही एकमत नाही असं माझ्या सहकारी बाई सांगतात. त्यांना ते बरं वाटतं. इतकी वर्षं त्यांच्या वतीने दुसरेच बोलत होते.

हजेरीचं तुम्ही खरंच मनावर घ्या. नेपथ्य, तुम्ही मदत कराल ना?

नेपथ्य

करेन. पण मी दिग्दर्शन करणार नाही. सतरंजी उचलीन, दिवे लावीन, परवानगीचे कागद करीन. सेटलमेंटवालादादा, आधी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मी केलेली चूक करू नका. ज्यांनी ती हजेरी दिली आहे असं कुणी आहे का अजून?

चंद्रभागा

मी सोलापूरला येईन. किती वाजता ते सांगा फक्त.

सेटलमेंटवाला

आमची आज्जी आहे. नव्वदीच्या आसपास असेल, जन्मतारीख नाही. लहानपणी आईच्या कडेवर आणि मग स्वतःच्या पायावर हजेरीला उभी राहिलेली.

काल रात्री तिला विचारलं. आधी म्हणाली, कशाला उकरतोस. मग जेवण झालं, भांडी घासून झाली आणि तिने स्वतःच विषय काढला. म्हणाली, नाव पुकारलं की 'हाजीर' म्हणायचं, आणि नाव चुकीचं पुकारलं तरी म्हणायचं. तिच्या आईचं नाव वहीत चुकीचं लिहिलं होतं, तेच शेवटपर्यंत राहिलं.

मी म्हटलं, आज्जी, नाटक करायचंय, गावातली शिकलेली माणसं बघायला येतील, तू एका बाजूला खुर्चीवर बस आणि चुकलं तर आम्हाला सांग.

ती म्हणाली, "मी बसत न्हाई. वही माझ्याकडं दे. हजेरी मी घेती, उभं ऱ्हायाचं तुम्ही."